बाबा @ ८० कॉलम

तुमचं माहीत नाही, पण मला स्वतःचा चेहरा बघायचा भयंकर कंटाळा आलाय. सकाळी दहाचा कॉल, दुपारी क्लायंटचा कॉल, संध्याकाळी ‘क्विक सिंक’ (जो कधीच क्विक नसतो!) आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या त्या चौकोनातून आपलंच थोबाड आपल्याकडे टक लावून बघत असतं. केस बरे आहेत ना? मागे वाळत घातलेला टॉवेल तर दिसत नाहीये? समोरचा काय बोलतोय याकडे लक्षच नसतं. खोटं वाटत असेल तर पुढच्या कॉलला स्वतःवर जरा लक्ष ठेवा. म्हणजे ठेवताच तुम्ही, तेच तर सांगतेय.

खरं तर वेबकॅम बिचारा यासाठी जन्मालाच आला नव्हता. तो आला कॉफीसाठी. १९९१ साली केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर लॅबमधली मंडळी जिने उतरून कॉफी घ्यायला जायची आणि भांडं रिकामं बघून हात हलवत परत यायची. शेवटी वैतागून त्यांनी भांड्यासमोर कॅमेराच लावला. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं कृष्णधवल चित्र, बस्स. जागेवर बसून बघा कॉफी आहे की नाही, मग उठा. २००१ पर्यंत तो कॅमेरा चालू होता. आपल्या ऑफिसात असा एक पँट्रीत लावला तर अप्रेझलपेक्षा जास्त दुवा मिळेल एचआरला!

तर झालं असं, की एका शुक्रवारी रात्री मी दमूनभागून फ्लॅटवर आले आणि माझी फ्लॅटमेट (ती कोडिंगवाली, मी मास कॉमवाली) लॅपटॉपसमोर जीभ काढून बसली होती. स्क्रीनवर काळी खिडकी आणि त्या खिडकीत तीच, पण फोटो नाही की व्हिडिओ नाही. नुसती चिन्हं. टिंबं, फुल्या, अधिक, बरोबर, हॅश, ॲट-द-रेट. ती डोकं हलवायची, चिन्हं हलायची. तिने मला बघून हात केला, तर स्क्रीनवर टक्क्यांचा आणि हॅशचा पंजा हलला. मी सँडल न काढताच तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

याला म्हणतात आस्की आर्ट. आस्की म्हणजे १९६३ साली अमेरिकेत ठरलेली अक्षरांची यादी. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, एवढंच. एकूण १२८ जागा आणि त्यातली छापता येणारी चिन्हं ९५, कोरी जागा धरून. जुन्या मोबाइलवर व्हॅलेंटाइन डेला टिंबाकंसांचे गुलाब यायचे, आठवतंय? तेच हे, फक्त गुलाब जिवंत आहे आणि तुमच्याकडे बघून जांभई देतोय.

‘‘किती अवघड आहे?’’ मी विचारलं. ‘‘तीस ओळी,’’ ती म्हणाली. ‘‘तुलासुद्धा जमेल.’’ त्या ‘तुलासुद्धा’वर मी अख्खा शनिवार घातला.

गोष्ट खरंच साधी आहे. कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस फोटो काढतो. प्रत्येक फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ६४० आडवे, ४८० उभे, एकूण ३ लाख ७ हजार २०० ठिपके. पायथन भाषेत ‘ओपनसीव्ही’ नावाची फुकट मिळणारी लायब्ररी आहे, ती हे फोटो तुमच्या हातात आणून देते. आधी रंग काढून टाकायचे. (काढताना हिरव्याला ५९ टक्के वजन, लालला ३०, निळ्याला फक्त ११, कारण आपला डोळाच तसा आहे, हिरव्यावर जीव टाकणारा.) रंग गेला की प्रत्येक ठिपक्याचा उरतो एकच आकडा. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. मग फोटो आक्रसून ८० कॉलमवर आणायचा आणि प्रत्येक घराला त्याच्या उजेडाप्रमाणे एक चिन्ह वाटायचं. चिन्हांची उतरंड अशी:

@ % # * + = - : .

आणि सगळ्यात शेवटी कोरी जागा. झाली दहा. कोऱ्या जागेला शून्य, टिंबाला एक, असं मोजत गेलात की @ येतो नऊवर. एखाद्या घराचा उजेड २०० असेल तर दोनशे गुणिले नऊ भागिले २५५, उत्तर सात आणि वर जरासं, म्हणजे सातव्या नंबरचा हॅश. एवढंच गणित. सातवीतली पोरं करतात.

मी मात्र केलं ते असं. पहिल्या झटक्यात माझे केस पांढरे चमकत होते आणि चेहरा काळा ठिक्कर, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखा. कारण मी उचललेली उतरंड कागदासाठी होती. कागदावर शाई काळी, म्हणून अंधाराला @ द्यायचा. स्क्रीन काळी आणि अक्षरं पांढरी, म्हणून उलटं, उजेडाला @. ते सुधारलं तर चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब! हेही लक्षात यायला तासभर गेला. टर्मिनलमधल्या अक्षराचं घर चौकोनी नसतं, उंची साधारण रुंदीच्या दुप्पट असते. म्हणून ८० कॉलमला ६० ओळी नाही, ३० घ्यायच्या. मग लुकलुक. दर वेळी स्क्रीन पुसून नवं चित्र काढलं की डिस्कोथेक होतो. त्यावर तोडगा म्हणजे पुसायचंच नाही, कर्सर उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यायचा आणि जुन्यावरच नवं लिहायचं, तेही २४०० चिन्हं एकेक करून नाही, सगळी एका दमात. रात्री अकराला मी माझ्याच टिंबांच्या डोळ्यांत डोळे घालून बसले होते. काय सांगू, पहिल्यांदाच स्वतःचा चेहरा आवडला. पिंपल नाही, डार्क सर्कल नाहीत, टॉवेलसुद्धा छान दिसत होता!

इथपर्यंत हा कॉलम नेहमीसारखा ‘ट्राय करून बघा’ छापाचा होणार होता. पण मग दिवाळीला मी साताऱ्याला गेले.

माझ्या बाबांचा साताऱ्यात टायपिंग क्लास होता. पस्तीस वर्षं. इंग्लिश तीस, चाळीस, मराठी तीस, चाळीस. खालच्या खोलीत बारा मशीन आणि सकाळी सातपासून तो आवाज. मी झोपेतून उठायचे ती ‘ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे’ या भूपाळीवर. क्लास बंद झाला, मशीनं भंगारात गेली, एक तेवढं गोदरेजचं बाबांनी ठेवलंय. रोज पुसतात. टाइप काही करत नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबा चूळ भरत होते आणि पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डावा डोळा मिटेना. आईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ऐकूनच माझे पाय गळाले. शेजारच्या काकांनी गाडी काढली, हॉस्पिटल, स्कॅन. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू नाही, बेल्स पाल्सी आहे. चेहऱ्याची सातवी नस सुजते आणि चेहऱ्याची एक बाजू संपावर जाते. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येतो म्हणे. (पण हे काय आहे ते डॉक्टरांनी ठरवायचं हं! ‘तोंडावरून वारं गेलंय’ म्हणून शेक घेत घरी बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.)

गोळ्या संपल्या. डोळा थोडा मिटायला लागला. पण बाबांनी बेसिनवरचा आरसा उतरवून माळ्यावर टाकला. दाढी हाताने चाचपत करायचे. फिजिओथेरपिस्टने आरशासमोर व्यायाम सांगितले होते, गाल फुगवा, भुवई उचला, ‘ई’ म्हणा, ‘ऊ’ म्हणा. ‘‘करतो की,’’ असं बाबा म्हणायचे. आरशाशिवाय कसं करता, असं विचारायची आमची कुणाची हिंमत नव्हती. आणि व्हिडिओ कॉल बंद. दादा मेलबर्नला, त्याची चार वर्षांची मुलगी दर रविवारी विचारणार, ‘‘आबा कुठेत?’’ आणि आबा शेजारच्या खोलीतून सांगणार, ‘‘नेट स्लो आहे बाळा, आवाज येतोय ना?’’ घरात फायबर आहे. मीच बसवून दिलंय.

पाडव्याच्या संध्याकाळी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून तो प्रोग्रॅम दाखवत होते, आईला. आई म्हणाली, ‘‘छान आहे, पण मला हे जाळीतून बघितल्यासारखं वाटतं,’’ आणि करंज्या तळायला गेली. बाबा मागून पाण्याचा तांब्या घ्यायला आले आणि थबकले. माझ्या टिंबांच्या खांद्यामागे एक उंच माणूस उभा होता, चष्म्याच्या जागी दोन @.

‘‘हे कोणी टाइप केलं?’’

‘‘कॉम्प्युटरने. आत्ता, बाबा. ते तुम्ही आहात.’’

ते बघत राहिले. मी श्वास रोखून. मग म्हणाले, ‘‘चुकलंय. अधिक आणि बरोबर. दोघांत शाई सारखीच, दोन-दोन रेघा. त्यांना वरखाली का लावलंय? आणि एक्स कुठाय? टायपिंगच्या चित्रात सगळ्यात कामाचं अक्षर एक्स!’’

आणि खुर्ची ओढून बसले.

मला वाटलं होतं मी बाबांना काहीतरी नवं दाखवतेय. छे हो! बाबांच्या क्लासात दर गणेशोत्सवात पोरं टाइपरायटरवर गणपती काढायची, हे मी विसरूनच गेले होते. आणि हा प्रकार तर त्याहूनही जुना. १८९८ साली इंग्लंडमध्ये फ्लोरा स्टेसी नावाच्या बाईंनी टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं होतं. आपल्याकडे मुंबईचे चंद्रकांत भिडे, बँकेत टायपिस्ट. साहेबांनी इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायला दिली तर त्यांनी ती टेलिफोनच्याच आकारात टाइप केली, आणि पुढे आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनसुद्धा मशीनवर उभा केला. बाबांना हे सगळं पाठ. कोणती किल्ली किती शाई सोडते हे ते डोळे मिटून सांगू शकतात (हल्ली दीड डोळा मिटून, असं ते स्वतःच म्हणाले. तीन महिन्यांत त्या विषयावरचा पहिला विनोद!).

‘‘आम्ही बॅकस्पेस घ्यायचो आणि त्याच अक्षरावर दुसरं मारायचो. एमवर डब्ल्यू, वर एक्स. मग काळा म्हणजे काळाच. रोलर अर्धी ओळ फिरवायचो. तुझ्या कॉम्प्युटरला येतं का?’’

नाही येत. टर्मिनलच्या एका घरात एकच चिन्ह. मी हरले. पण अधिक-बरोबरचा वाद मिटवायला एक युक्ती केली. प्रत्येक चिन्ह मोठं काढून त्यातले उजळलेले ठिपके कॉम्प्युटरकडून मोजून घेतले आणि त्याप्रमाणे उतरंड लावली. बाबांचं बरंचसं बरोबर निघालं. फॉन्ट बदलला की क्रम बदलतो हेही निघालं, त्यावर बाबा म्हणाले, ‘‘मशीन बदललं की रिबनही बदलायची.’’ एक्स आत आला. गालांवर मस्त बसला.

मग त्यांचं पुढचं फर्मान. मराठीत का नाही? मराठी चाळीसला शंभर टक्के निकाल लावणारा माणूस, विचारणारच! करून बघितलं. ‘क’ रुंद, ‘र’ अरुंद, त्यामुळे कॉलमच जुळेनात, चेहरा लाटेवरच्या होडीसारखा. वर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्याला जाऊन चिकटते आणि अख्ख्या ओळीवर दोरी ताणली जाते. तीस ओळी, तीस दोऱ्या, गच्चीवर कपडे वाळत घातल्यासारखे बाबा. अनुस्वार टिंब म्हणून वापरावा तर तो एकटा उभाच राहत नाही, स्वतःसोबत एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ घेऊन येतो. आम्ही दोघं हसत होतो. बाबा उजव्या बाजूने जास्त, डाव्या बाजूने थोडे.

त्या रात्री मी प्रोग्रॅमला दोन बटणं दिली. एकाने कॉलम वाढतात, एकाने कमी होतात. ४० वर बाबा म्हणजे नुसती उशी. ८० वर चष्मा, मिशी, कपाळ, ओळखू येणारे बाबा, पण तोंडाचा झुकलेला कोपरा उतरंडीत कुठेतरी हरवलेला. आमच्या गल्लीतलं कुणीही सांगेल, हे सर आहेत. असं का होतं, हे शोधताना मला बेल लॅब्जचा लिऑन हार्मन भेटला. (बेल्स पाल्सी आणि बेल लॅब्ज, दोन वेगळे बेल बरं का!) १९७३ साली त्याने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये अब्राहम लिंकनचा चेहरा छापला होता, साधारण अडीचशे करड्या चौकोनांत. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते चौकोन. जवळून बघा, काही नाही. मान मागे न्या, डोळे बारीक करा, लिंकन! ओळखीसाठी मेंदूला इतकं कमी पुरतं. आमच्याकडे तर ८० गुणिले ३० म्हणजे २४०० घरं होती.

हाच हार्मन १९६६ मध्ये केन नोल्टन नावाच्या सहकाऱ्याबरोबर असाच उद्योग करून बसला होता. एका नर्तकीचा विवस्त्र फोटो घेऊन कॉम्प्युटरने तो इलेक्ट्रॉनिक्समधल्या बारीक चिन्हांत छापला, बारा फूट लांब, आणि वरिष्ठ गावाला गेलेले असताना त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर लावून टाकला. थट्टा म्हणून! जवळ उभं राहिलं तर चिन्हं, लांब गेलं तर बाई. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तोच फोटो ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आला आणि आज कॉम्प्युटर आर्टच्या इतिहासात मानाने बसलाय. तुम्ही असलं काही ऑफिसात करू नका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उठले तर डायनिंग टेबलवर उजेड. बाबा लॅपटॉपसमोर. ‘‘ई.’’ थांबले. ‘‘ऊ.’’ गाल फुगवला, एक्सची रांग थोडी सरकली. भुवई उचलली, एक भुवई वर, दुसरीकडे दोनच चिन्हं बदलली. ते चिन्हं बोटाने मोजत होते. क्लासात चुका मोजायचे तसं, पेन्सिल कानावर. मी पुन्हा खोलीत जाऊन पडले. नंतर फिजिओला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, आरसा तो आरसाच, पण काहीच न करण्यापेक्षा हे बरं, करू द्या.

रविवारचा कॉल. ‘ओबीएस’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते स्क्रीनवरची कोणतीही खिडकी कॅमेरा असल्याचं भासवून कॉलमध्ये पाठवतं. बाबांच्या कॉम्प्युटरवर सगळं लावून दिलं. कॅमेरा चालू केला. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग किंचाळी. ‘‘आबा रोबो झाले! पप्पा, आबा रोबो झाले!’’ पुढची वीस मिनिटं नातीने आबांना हात वर करायला लावले, टोपी घालायला लावली, गोल फिरायला लावलं. दादा काही बोलला नाही. तो स्क्रीनपासून जरा मागे सरकला आणि त्याने डोळे बारीक केले, एवढं मला दिसलं.

आईला हे पटलेलं नाही, हेही सांगून टाकते. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, ‘‘तू त्यांना लपायला अजून एक जागा करून दिलीस.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरसा मीही माळ्यावर बघितला होता, पाठ आमच्याकडे करून ठेवलेला. आणि आई गेले तीन महिने रोज त्या चेहऱ्यासमोर बसून जेवतेय, काहीही न करता, न बिचकता. तिला कसली टिंबं नि फुल्या लागल्या नाहीत.

मी पुण्याला परत आले. डेडलाइन, क्विक सिंक, टॉवेल, सगळं चालू. मधे दोन रविवार मला कॉलला जमलं नाही. परवा बसले, तर बाबा वेगळे दिसले. जास्त बारीक, जास्त भरलेले. शर्टाची कॉलर दिसत होती. आणि तोंडाचा डावा कोपरा, थोडा उतरलेला, तोही दिसत होता.

‘‘बाबा, किती कॉलम आहेत?’’

‘‘एकशेसाठ. फॉन्ट लहान केला.’’ जणू बाजारातून मेथी आणली असं सांगावं तसं.

मागून आईचा आवाज आला, ‘‘मग आरसा काढू का खाली?’’

‘‘थांब गं जरा,’’ बाबा म्हणाले. ‘‘आधी दोनशे बघू दे.’’